वाचकांचे प्रश्न : उंदराचा मधुमेह आणि माणसाचा

औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर काय काय तपासले जाते, याची माहिती मागच्या अंकात दिली होती. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारख्या विषयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे औषधशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने उंदरांची साखर निम्म्यावर आली, अशी बातमी मोबाइलवर फिरते आहे. यजमानांना बरीच वर्षे शुगर आहे. साली वाळवून चूर्ण घरीच करून दिले तर चालेल का? (एक गृहिणी, सांगोला)

ताई, चालू गोळ्या बंद करून तर मुळीच देऊ नका. गोळ्यांच्या जोडीला द्यायचे मनात असेल, तरी आधी डॉक्टरांना विचारा. सालीने खरोखरच साखर उतरत असेल, तर गोळी आणि साल मिळून ती नको तितकी खाली जाऊ शकते.

बातमी खोटीच असेल असे नाही. पण त्या उंदरांना मधुमेह झाला कसा, हे बातमीत बहुधा लिहिलेले नसते. बहुतेक प्रयोगांत स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी ते ओढून घेतात आणि मरतात. तीन दिवसांत धडधाकट उंदराची साखर तिप्पट-चौपट होते. यजमानांचा मधुमेह असा एका रात्रीत आलेला नाही. वाढते वजन, इन्सुलिनला दाद न देणारे स्नायू आणि यकृत, हळूहळू थकत गेलेल्या बीटा पेशी असा त्याचा अनेक वर्षांचा प्रवास असतो. साखर वाढणे दोन्हींत सारखे असले, तरी ती वाढण्याची कारणे वेगळी आहेत.

अर्क हे विषारी रसायन टोचण्याआधी सुरू केला की नंतर, हेही पाहावे लागते. डाळिंबाच्या सालीत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. ते आधीपासून दिले तर विषाचाच जोर मोडतो आणि पेशी वाचतात. त्यावरून अर्काने विषापासून संरक्षण केले एवढेच म्हणता येते. मधुमेह जडलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता मात्रेचा हिशेब. समजा रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) वजनाच्या दर किलोला २०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी ठोकळ आकडा काढताना रॅटच्या मात्रेला ६.२ ने आणि छोट्या माउसच्या मात्रेला १२.३ ने भागतात, कारण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. २०० भागिले ६.२ म्हणजे किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ २ ग्रॅम झाले, आणि तेही अर्काचे. १०० ग्रॅम चूर्णातून २० ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज १० ग्रॅम चूर्ण पोटात जाणार. सालीतल्या एवढ्या टॅनिनने (तुरट घटकाने) पोट बिघडू शकते. शिवाय फवारणीचे अंश सालीवरच राहतात, हे बागायतदाराच्या घरात वेगळे सांगायला नको. हा भागाकार माणसांवरच्या चाचणीची पहिली मात्रा ठरवण्यासाठी असतो, घरगुती उपचारासाठी नव्हे. माणसांवर निदान तीन महिने चाचणी होऊन एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) उतरल्याचे दिसले, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : एम. फार्मच्या प्रबंधासाठी मी विस्टर जातीच्या रॅटमध्ये मधुमेह निर्माण करतो आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन किलोमागे ५५ मिलिग्रॅम दिले. काही रॅट पहिल्याच रात्री मेले, काहींची साखर वाढलीच नाही. चूक कुठे होते? (एक विद्यार्थी, सोलापूर)

पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

आधी साखर न वाढण्याबद्दल. हे रसायन फार नाजूक आहे. बाटली उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर हवेतली ओल आत धरते. द्रावण ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्येच (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातच) करायचे, पीएच ४.५, बफर बर्फात गार केलेला. साध्या सलाइनमध्ये ते झपाट्याने विघटते. सगळ्या रॅटसाठी एकदम द्रावण करून ठेवणे ही नेहमीची चूक. पहिल्या रॅटला पूर्ण मात्रा मिळते, विसाव्याला मिळतच नाही. चार-पाच रॅटपुरते चूर्ण वेगवेगळ्या नळ्यांत आधीच तोलून ठेवा, एकेक नळी विरघळवा आणि १०-१५ मिनिटांत संपवा. मिलिलिटरमध्ये २७.५ मिलिग्रॅम असे द्रावण केले, तर २५० ग्रॅमच्या रॅटला बरोबर अर्धा मिलिलिटर लागतो, म्हणजे १३.७५ मिलिग्रॅम. सुई पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला घाला आणि दट्ट्या किंचित मागे ओढून पाहा. पिवळसर किंवा हिरवट द्रव आला तर सुई मूत्राशयात किंवा आतड्यात गेली आहे. ते द्रावण टाकून द्या, नव्या सिरिंजने पुन्हा करा. माद्या या रसायनाला कमी दाद देतात, म्हणून नर-मादी मिसळू नका.

आता मृत्यू. टोचल्यावर साखर सरळ चढत नाही. आधी थोडी वाढते. मग मरणाऱ्या बीटा पेशींतले साठलेले इन्सुलिन एकदम रक्तात येते आणि साधारण सहा ते बारा तासांच्या दरम्यान साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळते. सकाळी टोचले तर ही वेळ संध्याकाळी-रात्री येते, नेमके तेव्हा अ‍ॅनिमल हाऊसमध्ये कोणी नसते. रॅट आदल्या रात्रीपासून उपाशी असतात, म्हणून टोचताच खाद्य परत द्या. पुढचे २४ तास पाण्याच्या बाटलीत ५ ते १० टक्के ग्लुकोज ठेवा. एवढे केले की पहिल्या रात्रीचे मृत्यू बहुतांशी थांबतात.

नंतर जे मरतात ते बरेचदा तहानेने. निरोगी रॅट दिवसाला २५-३० मिलिलिटर पाणी पितो, मधुमेही रॅट १०० मिलिलिटरच्या वर जातो. तिघांच्या पिंजऱ्याला २५० मिलिलिटरची एकच बाटली लावली तर ती मध्यरात्रीच रिकामी होते. दोन बाटल्या लावा आणि नळीच्या तोंडाची गोळी अडकलेली नाही ना, हे बोटाने दाबून पाहा. लघवी इतकी होते की भुसा रोज बदलावा लागतो. ओल्या भुशात पाय सुजतात, अमोनियाने श्वसनाचा त्रास सुरू होतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसते, तेव्हा प्रयोगाच्या काळात पिण्याच्या पाण्याचा वेगळा साठा ठेवा.

उन्हाळ्याचे वेगळे सांगतो. खोली २२ अंशांच्या आसपास, फार तर तीन अंश इकडेतिकडे, असायला हवी. मे महिन्यात सोलापुरात बाहेर पारा चाळिशीपार असतो आणि वीज गेली की तासाभरात खोली तापते. रॅटला घाम येत नाही. तो खाणे कमी करतो आणि त्यामुळेही साखर उतरते. ती उतरण तुम्ही तपासत असलेल्या औषधाच्या नावावर मांडून मोकळे व्हाल. वातानुकूलन जनरेटरवर नसेल तर प्रयोग पावसाळ्यानंतर ठेवा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

साखर ७२ तासांनी शेपटीच्या टोकातून मोजा. उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर असलेलेच रॅट घ्या. सातव्या दिवशी पुन्हा मोजा, कारण काही रॅट आपोआप सावरतात. त्यानंतरच चिठ्ठ्या टाकून गट पाडा आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे कळू देऊ नका. वजन २० टक्क्यांहून जास्त घटले तर त्या रॅटला प्रयोगातून काढून वेदनामुक्त करायचे, हे परवानगीच्या अर्जातच लिहिलेले असावे.

तुलनेसाठी ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध घेतले आहे असे तुम्ही लिहिता. ते उरलेल्या बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला लावते. पेशी जवळपास नष्टच झाल्या असतील तर त्याने साखर उतरायला नको. तरीही उतरली, तर तुमचा मधुमेह अर्धवट झाला आहे हे ओळखा. टाइप-२ सारखी स्थिती हवी असेल, तर काही आठवडे जास्त चरबीचे खाद्य देऊन मग किलोमागे ३०-३५ मिलिग्रॅमची हलकी मात्रा द्यावी. वेळ लागतो, खर्च होतो, पण त्याचे उत्तर माणसाच्या जवळ जाते. आणि पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढले म्हणून मधुमेही मूत्रपिंडविकार झाला असे लिहू नका. हे रसायन मूत्रपिंडालाही इजा करते.

प्रश्न : प्रत्येक रोगाला वेगळा प्राणी का लागतो? उंदरावर सगळे का भागत नाही? (विज्ञान शिक्षक, बार्शी)

वर्गात सांगायला तीन उदाहरणे देतो.

उंदीर स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार करतो, त्यामुळे क जीवनसत्त्व नसलेल्या आहारावरही त्याला स्कर्व्ही होत नाही. गिनीपिगला आपल्यासारखेच ते बाहेरून लागते. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगमध्ये स्कर्व्ही घडवून दाखवला. त्यांनी उंदीर घेतले असते तर हाती काहीच लागले नसते.

कुष्ठरोगाचा जंतू आजवर कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. त्याला गारवा लागतो, म्हणून माणसातही तो त्वचा आणि वरवरच्या नसा धरतो. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो माउसच्या तळपायात वाढवला, कारण तळपाय शरीरापेक्षा थंड असतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात, त्यामुळे एका चाचणीत सहा महिने सहज जातात. औषधाला जंतू दाद देतो का, हे त्याच तळपायावर तपासले गेले. पुढे १९७१ मध्ये आर्माडिलो सापडला. त्याच्या शरीराचे तापमानच ३२ ते ३५ अंश असते, म्हणून जंतू त्याच्या अंगभर पसरतो आणि अभ्यासाला भरपूर मिळतो.

तिसरे उदाहरण कोलेस्टेरॉलचे. जपानमध्ये अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीतून कॉम्पॅक्टिन मिळाले. रॅटमध्ये त्याने कोलेस्टेरॉल उतरेना, कारण कोलेस्टेरॉल तयार करणारे जे एन्झाइम हे औषध अडवते, तेच रॅटचे यकृत अनेक पटींनी वाढवून औषधाला पुरे पडते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांत आणि कुत्र्यांत मात्र ते उतरले. रॅटवरच विसंबून राहिले असते, तर आज लाखो लोक घेतात त्या स्टॅटिन गोळ्यांची वाट तिथेच बंद झाली असती.

प्रश्न : माकडांवर सुरक्षित ठरलेले औषध माणसांना घातक ठरले, असे वाचले. हे कसे घडते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अक्कलकोट)

तुम्ही वाचलेली घटना बहुधा मार्च २००६ मधली, लंडनची आहे. टीजीएन १४१२ नावाचे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना दिले गेले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. दीड तासाच्या आत ताप, डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या आणि पुढे सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे अतिदक्षता विभागात जाऊन वाचले. हे प्रतिपिंड रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींवरच्या सीडी-२८ या खुणेला चिकटून त्यांना चेतवते. माणसाच्या स्मृती टी पेशींवर (आधी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशींवर) ही खूण असते. प्रयोगातल्या माकडांच्या तशा पेशींवर ती नव्हती. मात्रा कितीही वाढवली असती तरी माकडात हा धोका दिसलाच नसता. सहा जणांना काही मिनिटांच्या अंतराने औषध दिले, ही चूक मात्र टाळता आली असती. आता अशा औषधांत आधी एकालाच मात्रा देऊन थांबतात, मग पुढचा.

प्रश्न : या मुक्या जिवांना काही संरक्षण आहे का? प्राण्यांशिवाय काम होणारच नाही का? (ज्येष्ठ वाचक, पंढरपूर)

आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती नेमलेली आहे आणि १९९८ चे नियम लागू आहेत. प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते, तिच्यात बाहेरचे सदस्यही बसतात. किती प्राणी, का तेवढेच, वेदना कशी कमी करणार, हे लिहून मंजूर झाल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव, चिपवरचे यकृत (छोट्या पट्टीवर वाढवलेल्या यकृतपेशी), संगणकीय प्रारूपे यांनाही वाट मिळाली. औषध यकृताला जड जाते का, यासाठी मानवी यकृतपेशी कितीतरी वेळा उंदरापेक्षा खरे सांगतात आणि तिथे प्राणी वापरणे आम्हाला गैर वाटते. गर्भावर होणारा परिणाम किंवा मेंदू, हृदय, मूत्रपिंड एकमेकांना कसे सांभाळतात, हे मात्र अजून बशीतल्या पेशींत पुरते दिसत नाही.

प्रश्न : प्रकल्पासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानातले पांढरे उंदीर आणले तर चालतील का? (एक विद्यार्थी, मोहोळ)

नाही. नोंदणीकृत प्रजनन केंद्रातूनच घ्यावे लागतात. दुकानातल्या उंदराचे वय, वंश, आधीचे आजार काहीच माहीत नसते, आणि त्याच्यासोबत आलेला जंतुसंसर्ग अख्ख्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पसरतो. शाळा-कनिष्ठ महाविद्यालयाचा प्रकल्प असेल तर फळमाशी घ्या. पिकलेल्या केळ्यावर येते, २५ अंशांवर दहा-बारा दिवसांत नवी पिढी देते. माणसातल्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांची भावंडे तिच्यात सापडतात.