पेशीपटल तर चरबीचंच असतं ना, मग त्यात प्रोटीन कशाला लागतात?

चांगला प्रश्न विचारला, काहून की पुस्तकात "लिपिड आणि प्रोटीनचं बनलेलं असतं" एवढं लिहून सोडून देतात अन पोरं पाठ करून मोकळी. मी यवतमाळकडचा, घरी पराटी (म्हणजे कापूस), गावात अकरावी-बारावीला बायो शिकवतो, म्हणून कापसावरूनच सांगतो.

आधी लिपिड, म्हणजे चरबी, उरकून घेऊ. पटलातलं मुख्य लिपिड म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याचं डोकं पाण्याकडे ओढतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात, पेशीच्या आत-बाहेर दोन्हीकडे पाणीच, म्हणून ते आपोआप दोन थरांत लागतात, शेपट्या मधात. शेपट्या सरळ असल्या तर दाटून बसतात, वाकड्या असल्या तर सैल राहतात, खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि जवसाचं गोठत नाही त्यामागे पण हेच आहे. पटलात दोन्ही असतात म्हणून ते कडक न होता वाहतं राहतं.

पण नुसत्या लिपिडमधून ऑक्सिजन जातो, सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज अडकतात. ती ने-आण प्रोटीन करतात, जसं सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीत (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) ३ सोडियम बाहेर टाकतो अन २ पोटॅशियम आत घेतो. आणि "चरबीचंच" म्हणाल तर माणसाच्या लाल रक्तपेशीच्या पटलात प्रोटीन साधारण ५२ टक्के आहे, लिपिड ४०!

आता खरी मजा. बीटी पराटीतलं (अळी मारणारं प्रोटीन बनवायचा जीन घातलेला कापूस) क्राय१एसी हे प्रोटीन अळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या पेशींच्या पटलावर कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं त्याला चिकटतं, मग त्याचे बरेच रेणू एकत्र येऊन लिपिडच्या थरात घुसतात, भोक पडतं, पेशी फुगून फुटते, अळी खाणं सोडते आणि मरते. लिपिडचा दुहेरी थर तर आपल्याही पेशीत आहे, सरकी खाणाऱ्या म्हशीच्याही आहे, मग तिथं भोक काहून पडत नाही? कारण क्राय१एसीला धरायला तसं प्रोटीनच तिथं नाही (शिवाय आपल्या पोटात ते पचूनही जातं).

गुलाबी बोंडअळीनं नेमकं इथंच गणित फिरवलं. ज्या अळ्यांच्या कॅडहेरिनच्या जीनमध्ये बिघाड होता त्या वाचल्या आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. २००६ मध्ये दोन जीनवालं बियाणं आलं, क्राय२एबी हे तसंच दुसरं प्रोटीन घातलेलं, तर त्यालाही न जुमानणाऱ्या अळ्यांमध्ये एबीसीए२ हे प्रोटीन बिघडलेलं सापडलं, अन तेही पटलातलंच. वरून आपण फरदड (वेचणी झाल्यावरही तसंच उभं ठेवलेलं पीक) ठेवून अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला घालतो हे वेगळंच. २०१७ ला बोंडं वरून हिरवीगार होती आणि फोडून पाहिलं तर आत अळी, गंज लोकांनी त्या साली कवडी (किडका, डागी) कापूसच वेचला.

कोलेस्टेरॉल अन ग्लायकोलिपिडचं राहिलं, ते पाहिजे असेल तर वेगळा प्रश्न टाका, इथं लय लांबेल.