वण, व्रण आणि जखमेची रोवणी

प्रश्न असा आला आहे: "माझा पहिला कवितासंग्रह तयार आहे. त्याचे तीन भाग केलेत: वेदना, अंधार आणि हीलिंग. संग्रहाचं नाव 'व्रण' ठेवायचं आहे, पण मैत्रीण म्हणते 'वण' हवं. बरोबर काय? 'हीलिंग'ला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि दुसऱ्या भागाला अंधार, काळोख, तिमिर यांतलं काय ठेवू?"

मैत्रीण शहाणी आहे. का ते सांगतो.

'वेदना'बद्दल विचारलं नाहीत, हे फार बरं केलंत. वेदना, वेद आणि विद्या एकाच 'विद्' धातूच्या लेकी, ही माहिती निम्म्या प्रस्तावनांच्या पहिल्या पानावर सापडते. तिथेच वाचा.

आता व्रण. प्रकाशनसमारंभाला जायचं म्हटलं की मला धास्ती वाटते ती या शब्दाची. निवेदिका सुरुवातीला म्हणते, "कवयित्रीच्या मनावरचे व्रण आजही भळभळताहेत." तासाभराने अध्यक्ष म्हणतात, "जखमा भरल्या, व्रण तेवढे उरले." मध्ये फक्त चहा झालेला असतो. तेवढ्या वेळात भळभळणारी जखम सुकून तिची खूण कशी झाली, हे सभागृहात कुणीच विचारत नाही. एकदा मी विचारलं, तर शेजारच्या गृहस्थांनी मला वेफर्स पुढे केले.

संस्कृतात व्रण म्हणजे उघडी जखम. नाडीव्रण, दुष्टव्रण हे वैद्यांचे शब्द चिघळत्या, वाहत्या जखमांचे आहेत. प्राकृतात त्यातला र गळाला आणि 'वण' झालं. मराठीने हे वण घेतलं, पण जखमेसाठी ठेवलं नाही; त्या कामाला 'जखम' आणि 'घाव' आहेत. वणाकडे खुणेचं काम आलं. देवीचे वण, भाजल्याचा वण, टाक्यांचे वण. माझ्या डाव्या दंडावर लहानपणी देवी काढल्याचा वण आहे, जुन्या चार आण्याएवढा, मध्ये किंचित खोलगट आणि कडेने बारीक चुण्या पडलेला. आई त्याला कधीही व्रण म्हणाली नाही. पुढे शिकल्यासवरल्या मंडळींना वाटलं की 'वण' हा 'व्रण'चा गावंढळ उच्चार असणार, आणि त्यांनी तो गळलेला र परत डकवला. आज छापून येणारा 'व्रण' हा असा आहे: अर्थ मराठी आणि अंगावर शेला संस्कृत. म्हणून निवेदिका संस्कृत बोलते, अध्यक्ष मराठी बोलतात, आणि दोघांचा शब्द एकच असतो.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चाही 'ण' व्हायचा, त्यामुळे 'वन'चंही 'वण'च झालं. म्हणजे काही शतकं आपल्या पूर्वजांच्या तोंडी जखम आणि जंगल यांना एकच शब्द होता. जंगलातला वण आजही 'वणवा'मध्ये शिल्लक आहे. तुमच्या संग्रहाला हे नाव आपसूक फुकट मिळतंय, बघा.

इथपर्यंत मैत्रीण जिंकली. पण आता सुश्रुत आडवा येतो, आपला प्राचीन शल्यविद. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात त्याने व्रण शब्दाची व्याख्या दिली आहे आणि ती 'वृ' म्हणजे झाकणे, वेढणे या धातूवरून लावली आहे. त्याच्या शब्दांत, 'रूढेऽपि व्रणवस्तु न नश्यति': जखम भरून आली तरी तिची जागा मिटत नाही, देह आहे तोवर ती राहते, म्हणून तो व्रण. जखमेचं नाव तिच्या खुणेवरून! म्हणजे अध्यक्षमहोदय नकळत सुश्रुताच्या पंगतीला बसले. मला माघार घ्यावी लागते, पण अर्धीच. कारण खुणेसाठी सुश्रुतालाही 'व्रणवस्तु' असा वेगळा शब्द लागलाच.

वैयाकरणांनी याच शब्दाची काय वाट लावली तेही ऐका. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या त्यांच्या यादीत, 'व्रण' असा अख्खा धातूच दिला आहे आणि अर्थ काय, तर 'गात्रविचूर्णने', म्हणजे अंगाचा चुरा करणे. नाम समोर दिसलं, त्याचा धातू सापडेना, तेव्हा नामालाच धातू म्हणून बसवलं आणि त्यावर कळकट अर्थ लिहिला. याला व्युत्पत्ती म्हणायचं, तर 'खुर्ची' हा 'खुर्च' धातूपासून आला असंही म्हणावं लागेल. तौलनिक भाषाशास्त्राची मंडळी व्रणाचं सोयरं रशियन 'राना'शी, म्हणजे तिकडच्या जखमेशी, जुळवतात, आणि ते पटण्याजोगं आहे. त्या हिशेबाने सुश्रुताची 'वृ'ही भाषाशास्त्रात टिकणारी नाही. असो. पण चुकीच्या व्युत्पत्तीतून खरं निरीक्षण सांगणारा एक शल्यविद मला चुरा करणाऱ्या दहा वैयाकरणांपेक्षा प्रिय आहे.

आता सुश्रुताच्या त्या ओळीतला पहिला शब्द पाहा: 'रूढे'. हा लेख खरं तर त्या एका शब्दासाठी आहे.

भरून आलेल्या जखमेला सुश्रुत 'रूढ' म्हणतो. हे आपलंच रूढ, रूढी-परंपरेतलं. धातू 'रुह्', उगवणे, वाढणे. महीरुह म्हणजे झाड, सरोरुह म्हणजे कमळ. जे उगवून, वाढून जागेवर बसलं ते रूढ. मग ती चाल असो वा कातडी. नीट भरलेली जखम कशी ओळखायची तेही सुश्रुत सांगतो: गाठ नाही, सूज नाही, दुखत नाही, 'त्वक्सवर्णं समतलं', म्हणजे रंग कातडीचा आणि पातळी आजूबाजूची. ही झाली 'सम्यग्रूढ' जखम. विळीवर कापलेलं बोट दहा दिवस रोज पाहिलं असेल तर हे कळतं. खपली सुटते, खाली गुलाबी कातडी असते, आणि ती मधून नव्हे, कडांकडून आत सरकत आलेली असते, एखाद्या ओसाड तुकड्यावर गवत सरकावं तशी.

या 'रुह्'चं प्रयोजक रूप, म्हणजे 'उगवायला लावणे' या अर्थाचं, करताना पाणिनी विकल्पाने 'प' सांगतो: रोहयति किंवा रोपयति. त्यातून आलं रोपण. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितलेत, त्यांत शोधनानंतर रोपण येतं: आधी जखम स्वच्छ करा, मग ती उगवू द्या. वैद्य आजही जात्यादि तेलाला व्रणरोपक म्हणतात. तुमच्या तिसऱ्या भागाचा शब्द दोन हजार वर्षं तयार आहे, आणि आपण त्याच्यावर 'हीलिंग'ची चिठ्ठी चिकटवून बसलोय.

माझी आजी भंडाऱ्याकडची. तिच्याकडे धानाची 'रोवणी' असते. कोकणात जिला लावणी म्हणतात ती. हे 'रोवणे' त्याच रोपणातून आलेलं. आषाढात पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत नेऊन रोवायच्या. लहानपणी मला वाटायचं रोवलं की झालं. होत नाही. पहिले काही दिवस धान पिवळं पडतं, माना टाकतं, मेलंसं वाटतं. आजी म्हणायची, "मूळ धरू दे त्याले." आठवड्याभरात बांधी हिरवी व्हायची. उपटलेलं, दुखावलेलं रोप नव्या चिखलात जीव धरतं त्या सगळ्याला रोवणी म्हणणारी भाषा आपली, आणि आपण विचारतोय, हीलिंगला मराठीत काय म्हणतात!

एकूणच आपल्या अंगाची आणि शेताची भाषा एक आहे. गळू पिकतं. मूळव्याधीला कोंभ येतात. वैद्य जखमेतल्या नव्या लाल दाण्यांना मांसांकुर म्हणतात. रोगाची लागण होते आणि उसाचीही लागण होते. सांगलीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. लागणही शेतातली आणि शेवटचा अंकुरही शेतातला, तर मधल्या मध्ये 'उपचार' कुठून घुसला? उपचार म्हणजे सेवा, सरबराई. पूजेचे सोळा उपचार असतात आणि त्यातूनच 'औपचारिक' निघालं. मलपृष्ठावर 'या कविता म्हणजे वेदनेवरचा उपचार' असं वाचलं की मला वाटतं, कवी हळदीकुंकवाला आला आहे, वाण घेऊन निघेल.

इंग्रजी 'हील'ची जात वेगळी आहे. ते 'होल'च्या, म्हणजे अखंड, सबंध या शब्दाच्या घरातलं, 'हेल्थ'ही तिथलंच. तिकडे बरं होणं म्हणजे तुटलेलं पुन्हा अखंड होणं. रूपी कौर यांच्या 'मिल्क अँड हनी' या संग्रहाचे (२०१४, आधी त्यांनी तो स्वतःच छापला होता) चार भाग असेच आहेत: दुखणं, प्रेम करणं, तुटणं आणि शेवटी हीलिंग. तुटणं आणि त्यानंतर अखंड होणं, त्या भाषेत हे चपखल बसतं. आपल्याकडे ती रचना उचलून आणली की तिसऱ्या-चौथ्या भागाशी गाडी अडते, कारण आपलं क्रियापद सांधायचं नाही, उगवायचं आहे.

आणि हे माझं खूळ नाही, ऋग्वेद आहे साक्षीला. आठव्या मंडलातलं अपालेचं सूक्त. ही अत्रिकुळातली मुलगी. पुढची कथा तिला त्वचारोग होता असं सांगते. ती सोम दातांनी चावून रस काढते, इंद्राला देते आणि मागते काय? 'इमानि त्रीणि विष्टपा तानीन्द्र वि रोहय'. या तीन जागा उगवू दे: बापाचं टकलं डोकं, त्याचं शेत आणि माझ्या पोटाखालची जागा. 'वि रोहय'! तोच रुह्. बापाचे केस, शेतातलं पीक आणि स्वतःचं शरीर या तिन्हींसाठी या पोरीला एकच क्रियापद पुरलं. मग इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या भोकातून ओढून काढतो आणि ती सूर्यासारख्या कातडीची होते. दुःख आणि बरं होणं यांवरची आपली सर्वांत जुनी कविता हीच असावी असं मी मानतो, आणि तिच्यात 'बरी कर' हे शब्द नाहीत.

आता माझा लाडका मुद्दा. 'रुजणे'. हा शब्दही रुह्-चाच, असं माझं ठाम मत आहे. मार्ग सरळ आहे: 'ह्य'चा प्राकृतात 'ज्झ' होतो. गुह्य, गुज्झ, गूज. मह्यम्, मज्झ, आणि आपलं माझा. तसंच रुह्य, रुज्झ, रुज. यावर काही व्युत्पत्तीप्रेमी हटकून म्हणतात की रुजणे 'रुज्' या धातूपासून आलं, फुटणे-मोडणे अर्थाच्या. बी फुटतं म्हणून ते रुजतं. ध्वनीच्या वाटेने तेही येऊ शकतं, कबूल. पण महाराज, एकदा शेतात तरी जा! बी फुटणं आणि बी रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मटकीला वाटीत मोड येतात, ती फुटते; ती वाटीत रुजत नाही. रुजायला माती धरावी लागते. शिवाय 'रुज्'ची सगळी पिल्लं पाहा: रुजा, रोग, रुग्ण. एक तरी हिरवं आहे? 'मनात रुजलेली समजूत' आणि 'रूढ समजूत' यांत जे नातं दिसतं ते ज्याला दिसत नाही त्याने कोश मिटून ठेवावा.

दोन्ही धातू मराठीच्या कानाला एकसारखे लागतात हे मात्र खरं. रुजा म्हणजे दुखणं आणि रुजणं म्हणजे उगवणं. तुम्ही कवयित्री आहात, याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. फक्त तळटीप देऊ नका.

तर नाव. 'योगाद् रूढिर्बलीयसी' असं शास्त्रकार म्हणतात: व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान. त्या न्यायाने खुणेच्या अर्थाचा 'व्रण' आता रूढ झाला आहे, म्हणजे सुश्रुताच्या भाषेत, भरून आला आहे. मी तो उकरू नये. पण नाव 'वण'च ठेवा. दोन अक्षरं आहेत, भळभळत नाहीत. शीर्षकात वेदना, अश्रू असलं काही लागत नाही हे अरुण कोलटकरांनी 'भिजकी वही' या कवितासंग्रहात दाखवलं आहे. इतक्या बायकांचं रडणं त्या जाडजूड संग्रहात आहे आणि नावात फक्त 'भिजकी', फाटकी-मोडकीच्या ओळीतला घरगुती शब्द. तिसऱ्या भागाला 'रोवणी' म्हणा. पुण्याचे समीक्षक अर्थ विचारतील. विचारू द्या.

अंधाराचं राहिलंच की. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, तसा अंधकाराचा अंधार. मडकी घडवणाऱ्याच्या शेजारी बसून माणसांना आंधळं करणारा हा एक कारागीर आहे. दुसऱ्या भागाला तोच ठेवा. काळोख चांगला आहे, पण रात्रीचा आहे. आणि तिमिर अजिबात नको. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागात तिमिर हा डोळ्याचा रोग आहे, वाढत वाढत दृष्टी घेऊन जाणारा. त्यावर रोवणी चालत नाही.