नायकाने केलेला छळ पडद्यावर पटतो, मग तो चूक कसा?

तुमचा प्रश्न असा: मुलीचा जीव वाचवायला पोलिसाने गुंडाला छळलं तर सिनेमात ते पटतं, मग बिघडलं कुठे?

पटतं, कारण गुंड दोषी आहे हे कॅमेऱ्याने आधीच दाखवून टाकलेलं असतं. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या अमेरिकन सिनेमात स्कॉर्पिओ हा खुनी लोकांवर गोळी झाडतो, ते आपण स्वतः पाहिलेलं असतं. त्यामुळे केझार स्टेडियमवर पोलीस अधिकारी हॅरी त्याच्या जखमी पायावर बूट दाबून पळवलेल्या मुलीचा पत्ता वदवून घेतो, तेव्हा माणूस भलताच असेल ही शंका शिवतही नाही. लॉकअपमध्ये नेमकी हीच खात्री नसते. मार चुकवायला निरपराध माणूसही काहीही कबूल करतो. म्हणून आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही; त्यातून काही हाती लागलं, तर त्याच्याशी संबंधित तेवढाच भाग चालतो. कबुलीसाठी मारहाण केली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी दंड संहितेचं कलम ३३०, आता न्याय संहितेचं १२०.

‘डर्टी हॅरी’तली एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. ती मुलगी सापडते ती मेलेलीच, आणि पुरावा बेकायदा म्हणून स्कॉर्पिओ सुटतो. साध्य हुकलं ते हुकलं, वर साधनाने खटलाही बुडवला. तरी आपला राग हॅरीवर न जाता कायद्यावर जातो, कारण पुढे स्कॉर्पिओ शाळेची बस पळवतो. पटकथेची हातचलाखी ती हीच.

उलट बाजूने ‘अर्ध सत्य’ (१९८३) बघा. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचं दिग्दर्शन. पोलीस अधिकारी वेलणकरने पकडलेल्या डाकूचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं, तो राग वेलणकर दारूच्या नशेत एका भुरट्या रेडिओचोरावर काढतो आणि चोर लॉकअपमध्ये मरतो. इथे वाचवायला मुलगी नाही, कसलं साध्यच नाही. हात मात्र तोच, जो गुंडांवर उठला तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. या प्रकरणातून सुटायला वेलणकर ज्या रामा शेट्टी या गुंड-पुढाऱ्याच्या दारात जातो, त्याचाच शेवटी गळा दाबतो आणि स्वतः चौकीत हजर होतो. त्या खुनाला अनेकजण विजय म्हणतात. मला ते पटत नाही. चोराचं प्रकरण अंगाशी आलं नसतं, तर वेलणकर त्या दारात गेलाच नसता.