घरातली सेवा देवाच्या हिशेबात धरली जाते का?

प्रश्न: नोकरी, मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, यातून चर्चच्या कुठल्याच कामाला मला वेळ देता येत नाही. बाकीच्यांना बघून वाटतं मी प्रभूसाठी काहीच करत नाहीये. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खरंच गलबलून आलं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय परत एकदा सावकाश वाचा, येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, म्हणजे घरातल्या नोकराचं काम, आणि तेही त्याला धरून देणाऱ्या यहूदाचे सुद्धा. तुम्ही सासूबाईंना रोज पुसून काढता ते याहून वेगळं कुठे आहे? नव्या करारात सेवेसाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे ना, दियाकोनिया, तोच लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात, येशूला घरी बोलावणाऱ्या मार्थाच्या पाहुणचाराच्या धावपळीसाठी आलाय, त्यामुळे सेवा म्हणजे फक्त चर्चमधलं काम हे मला अजिबात पटत नाही.

मत्तय 25 मधले नीतिमान लोक तर उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? गरजूंसाठी केलेलं ते प्रभूसाठीच होतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

फक्त एक सांगते, त्या पाय धुण्याच्या वेळी शिष्य पेत्र आधी पाय धुवून घ्यायला तयारच नव्हता, आपलंही तसंच होतं, मदत घ्यायला जड जातं. मंडळीतल्या कोणाला तरी आठवड्यातून दोन तास सासूबाईंजवळ बसायला सांगा, आणि त्या वेळात तुम्ही निवांत झोपा.