ट्रॅक्टरच्या लाकूड चिपरचा शाफ्ट ठोकतो आणि शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटावा म्हणून बसवलेला बोल्ट) वारंवार तुटतो, काय करावं?

आधी ट्रॅक्टर आणि चिपर जोडणाऱ्या शाफ्टची लांबी तपासा. इंजिन बंद ठेवून चिपर जोडा, पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) आणि चिपरचा स्वतःचा आखूड दांडा समांतर येईपर्यंत टॉप लिंक (जोडणीचा वरचा दांडा) फिरवा. दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात तेव्हाही शाफ्टला आत सरकायला किमान २५ मिमी जागा राहिली पाहिजे. नाहीतर तो थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर दाबतो. ठोकण्याचं हे एक कारण असू शकतं. कापायचा झाल्यास शाफ्टच्या एकमेकांत सरकणाऱ्या दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड सारखेच कापा, कानस मारा, ग्रीस लावा. नळ्यांचा एक तृतीयांश भाग एकमेकांत राहायलाच हवा. दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांचे सांध्याचे काटे) एका रेषेत बसवा.

बोल्ट तुटतो तो बहुधा पूर्ण रेसवर पीटीओ टाकल्यामुळे. फ्लायव्हील (चिपरची पाती बसवलेली चकती) जड असतं, त्याला कमी रेसवर फिरू द्या, मग सावकाश ५४० आरपीएमला न्या आणि त्यानंतरच फांदी घाला. जास्त कडक ग्रेडचा बोल्ट कृपा करून टाकू नका, गिअरबॉक्स जाईल.

चिपऱ्या स्वच्छ कापलेल्या न येता काथ्यासारख्या तंतुमय आल्या, तर पाती बोथट झाली आहेत किंवा खालच्या स्थिर पात्यापासूनचं अंतर वाढलंय. ते अंतर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलप्रमाणे लावा. त्याआधी चावी खिशात, आणि चकती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघा. पीटीओ बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते.