समस्याधारित गट प्रथमच चालवताना
आपण यंदा प्रथमच वैद्यकीय विद्यार्थ्यांचा समस्याधारित गट, म्हणजे एका रुग्णाची समस्या समोर ठेवून विद्यार्थ्यांनी स्वतः शोधत शिकण्याचा गट, चालवणार आहात, म्हणून सांगतो: उत्तर ठाऊक असूनही गप्प राहणे हेच या पद्धतीतले सर्वांत अवघड काम आहे. १९६९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेल्या या पद्धतीत शिक्षक व्याख्याता नसून वाटाड्या असतो.

समस्या आपल्या परिसरातलीच निवडावी. खानापूरकडच्या भातशेतीत पायाला साप चावलेला आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलेला शेतकरी समोर ठेवला, तर रक्त गोठण्याची प्रक्रिया, घोणस जातीच्या सापाचे विष, मूत्रपिंडांवरील परिणाम आणि काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे पाहण्याची साधी चाचणी, हे सारे विद्यार्थी स्वतःच शोधत जातात. रुग्ण मराठीत बोलेल की कन्नडमध्ये, हा प्रश्नही त्यात अवश्य येऊ द्यावा; बेळगावात तो टाळता येत नाही.

गट ८ ते १० जणांचा पुरे. पहिल्याच बैठकीत निदान सांगून टाकू नये. मी ती चूक केली आणि दुसऱ्या बैठकीला कोणीही वाचून आले नाही. दोन बैठकींमध्ये ग्रंथालयात बसण्यासाठी किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत.