रिपोर्ट स्वच्छ, मग रोजमेळ का जुळत नाही?

प्रश्न : माझे मिस्टर 46 वर्षांचे, ठाण्यातल्या एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहेत. अडीच वर्षांपूर्वी त्यांना फिट आली. तपासणीत डाव्या बाजूला, कपाळामागे गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे खारघरला रेडिएशन. आता एमआरआय स्वच्छ आहे. पण जांभळी नाक्यावर पाच भाज्या आणायला जातात आणि दोनच घेऊन येतात. पूर्वी रोजमेळ चुटकीसरशी जुळवायचे; आता मध्ये फोन वाजला की बेरीज पुन्हा वरून. भाच्याच्या मुंजीत तासाभरात हॉलबाहेर पायरीवर जाऊन बसले. चिडचिड तर विचारू नका. सासूबाई म्हणतात, घरी बसून अंगात आळस भरलाय. दीर म्हणतात, जिवावरचं शेपटावर निभावलं, आता कुरकुर कशाला? दवाखान्यातल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत 30 पैकी 27 मिळाले. मग हे वयाचं आहे, की मनाचे खेळ?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, आळस हा शब्द आधी घरातून काढून टाका. एमआरआयमध्ये गाठ दिसते की नाही ते कळतं. रोजमेळ जुळतो का, ते त्यात उमटत नाही.

फोनचं तुम्ही लिहिलंत ते फार नेमकं आहे. बेरीज करताना हातचा मनात धरून ठेवायचा आणि त्याच वेळी पुढचा आकडा वाचायचा, ही दोन कामं एकत्र चालतात. मध्ये आलेलं काम आटपून मूळ जागी परतणं, क्रम लावणं, काम सुरू करणं, हे सगळं कपाळामागचा भाग सांभाळतो. त्यात मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंवरचं आवरण रेडिएशनने झिजू शकतं आणि विचारांचा वेग मंदावतो. हे कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी जाणवतं. मिस्टरांना हिशेब येतो, नियम पाठ आहेत. फक्त फोन वाजला की हातचा सांडतो. भाजीचंही तेच. ते चपला घालत असताना तुम्ही पाच नावं सांगितली असतील, तर तीन आत शिरलीच नसतील. जे शिरलंच नाही ते विसरणार कसं?

30 गुणांच्या चाचणीवर माझा फारसा भरवसा नाही. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न आणि दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. पतसंस्थेच्या काउंटरवर असं कधी असतं का? न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या आजारात लक्ष, स्मरणशक्ती तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, सविस्तर तपासणी करून घ्या. ती काही तास चालते, दोन दिवसांत विभागून घेता येते. त्यात काय शाबूत आहे तेही कळतं, आणि साहेबांशी बोलताना तोच कागद कामी येतो.

त्याआधी मात्र न्यूरो डॉक्टरांना गाठा. चिडचिड फिटच्या गोळ्या सुरू झाल्यापासून वाढली का, ते आठवा. लेव्हेटिरासिटॅम या औषधाने काहींचा पारा चढतो. गोळी बदलता येते, पण मनाने बंद करू नका, फिट उलटेल. थायरॉइड, झोप, नैराश्य तपासायला सांगा. बोलता बोलता क्षणभर नजर शून्यात लागत असेल तर तेही सांगा. ती छोटी फिट असू शकते.

आणि सासूबाईंसाठी : परळच्या टाटा रुग्णालयात 2001 ते 2012 या काळात 3 ते 25 वयाच्या 200 रुग्णांना दोन प्रकारे रेडिएशन दिलं गेलं, एक नेहमीच्या पद्धतीने, दुसरं गाठीपुरतं नेमकं. पाच वर्षं बुद्धी आणि हार्मोन्स तपासत राहिले. नेमक्या पद्धतीत दोन्ही जास्त टिकले, असा अहवाल 2017 मध्ये आला. तुमचे मिस्टर त्या वयाचे नाहीत, गाठही निराळी असेल. पण मनाचे खेळ असते तर कुणी इतकी वर्षं मोजत बसलं नसतं.

रोजच्या व्यवहाराचं बघू. रोजमेळ सकाळी, फोन दुसऱ्याच्या टेबलावर. एकच वही, तीन डायऱ्या नकोत. दुपारी अर्धा तास आडवं होणं. संध्याकाळी तलावपाळीला फेरी. चालण्याने हा थकवा कमी होतो, पडून राहण्याने नाही. मुंजीला जा, पण जेवणाच्या पंगतीपुरते. सुडोकू आवडत असेल तर सोडवू द्या, मात्र त्याने माणूस सुडोकूतच तरबेज होतो. बदाम खाऊ द्या. ब्राह्मीच्या गोळ्या फिटच्या औषधांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एक गोष्ट तुमच्यासाठी. काळजीपोटी सगळे व्यवहार तुम्ही हातात घेतले असतील. लाइट बिल त्यांच्याकडे ठेवा. भरलं का, म्हणून मागून तपासू नका. एखाद्या महिन्यात दंड पडला तर पडू दे.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची. आठव्या वर्षी मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन, रेडिएशन, केमो झालं. बाई म्हणतात हुशार आहे, पण फळ्यावरचं उतरवून होत नाही. शाळा बदलू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : शाळा राहू द्या, आधी कान तपासा. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध दिलं असेल तर बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होऊ शकतात आणि 'स', 'फ' निसटतात. थायरॉइड आणि उंचीची वाढही दाखवून घ्या. फळ्याचा फोटो काढून दिला तर लिहिण्याची शर्यत उरत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र मिळण्याजोगं असेल तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. बाईंना डिस्चार्ज कार्ड नेऊन दाखवा. 'लहानपणी आजारी होती' एवढ्यावर कुणी वेळ वाढवून देत नाही.